अजिंठ्याची चित्रे : पाहणे आणि जपणे

प्रस्तावना

घरातील पेटीत जपून ठेवलेले जमिनीचे जुने खरेदीखत आपण वरचेवर बाहेर काढत नाही. उघडताना घडीवर ते फाटते, हाताच्या घामाने शाई पुसट होते. म्हणून आपण त्याची झेरॉक्स प्रत काढतो, रोजच्या कामाला प्रत वापरतो आणि मूळ कागद पुन्हा पेटीत ठेवून देतो. प्रत काढल्यामुळे मूळ कागदाचे आयुष्य वाढते, शिवाय एकाच वेळी चार भावांना चार ठिकाणी तो मजकूर वाचता येतो.

खरेदीखताच्या बाबतीत हे सोपे आहे. परंतु जपायची वस्तू म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी डोंगराच्या पोटात रंगवलेली भिंत असेल तर? ती पेटीत ठेवता येत नाही, हलवता येत नाही आणि पाहायला येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर थोडीथोडी झिजत जाते. अशा वस्तूची प्रत काढण्याचे प्रयत्न आपल्या देशात सुमारे पावणेदोनशे वर्षांपासून चालू आहेत. डिजिटल छायाचित्रण हा त्यातील अलीकडचा टप्पा होय. प्रस्तुत पाठात या प्रयत्नांची हकिगत दिली आहे.

हा पाठ अभ्यासल्यानंतर अजिंठ्याच्या चित्रांना धोका कशामुळे पोहोचतो हे तुम्हाला सांगता येईल, डिजिटल प्रतिमा कशी तयार होते हे तुम्ही स्वतःच्या शब्दांत मांडू शकाल आणि ‘नोंद’ व ‘पुनर्रचना’ यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत वाघूर नदीने घोड्याच्या नालेसारखे वळण घेतले आहे. त्या वळणावरच्या उभ्या कड्यात सुमारे तीस लेणी कोरलेली आहेत. त्यांपैकी काही इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या आणि पहिल्या शतकांतील असून बाकीची बहुतेक लेणी इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात खोदली गेली. लेणे क्रमांक १६ हे त्याचा मंत्री वराहदेव याने करविले, असे तेथील शिलालेखावरून कळते. १९८३ साली युनेस्कोने या लेण्यांचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला.

अजिंठ्याची कीर्ती तेथील चित्रांमुळे आहे. लेणे क्रमांक १ मधील निळे कमळ हाती धरलेला बोधिसत्त्व पद्मपाणी, क्रमांक १६ मधील ‘मरणासन्न राजकन्या’ या नावाने प्रसिद्ध असलेले चित्र, क्रमांक १७ मधील दानशूर विश्वंतराची कथा ही त्यांतील सर्वांच्या तोंडी असलेली नावे. परंतु ही चित्रे कशावर काढली आहेत, याकडे पाहणाऱ्याचे लक्ष सहसा जात नाही. आणि चित्रांचे सगळे दुखणे तर तेथेच आहे.

दगडाची भिंत मुद्दाम खडबडीत ठेवून चित्रकारांनी तिच्यावर मातीचा गिलावा चढवला. माती भिंतीला धरून राहावी म्हणून तिच्यात गवताचे व वनस्पतींचे तंतू मिसळले. त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि तो वाळल्यानंतर रंग लावले. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ हे रंग जवळपास मिळण्याजोगे होते. निळा रंग मात्र लाजवर्द या मौल्यवान दगडाची पूड करून मिळवलेला आहे आणि तो दगड अफगाणिस्तानातील खाणींतून येत असे. इटलीतील जुन्या चर्चमध्ये ओल्या चुन्यावर रंगवण्याची रीत होती. तेथे रंग चुन्यात मुरून भिंतीशी एकजीव होतो. अजिंठ्यात तसे घडलेले नाही. येथे रंग कोरड्या थरावर बसलेला आहे, थर मातीवर आहे आणि माती दगडावर. यांतील कोणतीही पकड सुटली की चित्राचा पापुद्रा गळून पडतो. मातीतील तंतू कीटकांना खाद्य म्हणून आवडतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की गिलावा ओलावा शोषतो, उन्हाळ्यात सुकतो. दरवर्षी ही फुगण्या-आकसण्याची क्रिया होत राहते.

यात माणसाची भर पडते. लेण्यात शिरलेला प्रत्येक प्रवासी श्वासाबरोबर ओलावा सोडतो, अंगाची ऊब देतो आणि पायांबरोबर धूळ आणतो. एकट्याने काही बिघडत नाही. परंतु वर्षाला लाखो माणसे आली म्हणजे बंद दालनातील हवाच बदलते. चित्रे पाहावीत म्हणून उजेड करावा, तर प्रखर उजेडाने रंग उडतात. पूर्वी तर मशाली आणि तेलाचे दिवे घेऊनच आत जावे लागे व त्यांची काजळी भिंतीवर बसे. चित्रे काढली ती पाहण्यासाठी आणि पाहिल्यानेच ती नष्ट होतात, असा हा पेच आहे. आज महत्त्वाच्या लेण्यांत प्रवाशांना गटागटाने, थोडा वेळच आत सोडतात, कॅमेऱ्याचा झगमगता दिवा वापरू देत नाहीत, आणि उजेडही बेताचाच ठेवलेला असतो. हे योग्यच आहे. मात्र शेकडो किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या माणसाला अंधुक प्रकाशात, गर्दीच्या खांद्यांवरून जे काही क्षणभर दिसते, तेवढ्यावर समाधान मानून परतावे लागते, हेही खरे आहे.

हाताने काढलेल्या प्रती

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने येथे आला आणि बाहेरच्या जगाला या लेण्यांची माहिती झाली. त्या दिवशी त्याने लेणे क्रमांक १० मधील एका खांबावर आपले नाव व तारीख कोरली. ती अक्षरे अजून दिसतात. त्याच्यामागून आलेल्या कित्येकांनी त्याचाच कित्ता गिरवला. याच लेण्यात सहा सुळे असलेल्या हत्तीची, म्हणजे षड्दंत जातकाची कथा रंगवलेली आहे. अजिंठ्यातील सर्वांत जुन्या चित्रांत तिची गणना होते. लोकांनी नावे खरवडल्यामुळे ती इतकी विद्रूप झाली आहे की कथेचा पुष्कळसा भाग आज जुन्या प्रतींच्या आधारेच समजून घ्यावा लागतो. काहींनी तर भिंतीवरील आकृत्यांचे तुकडे सोलून नेण्याचाही उद्योग केला. तुकडा हातात येईपर्यंत त्याची माती होई.

प्रत काढण्याचे पहिले मोठे काम रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याकडे सोपवले गेले. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने त्याची नेमणूक केली. अजिंठा गावात मुक्काम ठेवून तो वर्षानुवर्षे लेण्यांत जात राहिला व मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत त्याने सुमारे तीस प्रती तयार केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडण्यात आल्या. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली आणि मोजक्या प्रती वगळता सगळे काम जळाले.

मग मुंबईच्या कलाशाळेने, म्हणजे आजच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाने, ते काम पुन्हा हाती घेतले. जॉन ग्रिफिथ्स हे तेथील शिक्षक १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या भारतीय विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात असत. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार या विद्यार्थ्यांपैकीच एक. त्यांनी मिळून सुमारे तीनशे प्रती केल्या व त्या लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाकडे रवाना झाल्या. १८८५ साली तेथेही आग लागली! शंभरांहून अधिक प्रती नष्ट झाल्या. वाचलेल्या प्रती आज व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहेत. ग्रिफिथ्सने या कामावर दोन खंडांचा ग्रंथ १८९६–९७ मध्ये प्रसिद्ध केला.

ग्रिफिथ्सच्या कामाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. अंधारात चित्रे नीट दिसावीत, रेषा उठून याव्यात म्हणून त्याच्या काळात भिंतीवरील चित्रांना हलक्या प्रतीचे व्हार्निश लावले गेले. काही दिवस चित्रे झळकली. पुढे व्हार्निश पिवळे पडले, त्याच्यावर धूळ आणि काजळी चिकटली, व जे स्पष्ट दिसावे म्हणून खटाटोप केला तेच झाकले गेले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चित्रे टिकावीत या चांगल्या हेतूने लाखेचे लेप दिले गेले, त्यांचाही कालांतराने असाच काळसर थर झाला. तो थर चित्राला धक्का न लावता उतरवण्याचे अतिशय सावकाशीचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना करावे लागले आहे. पाहण्याच्या सोयीसाठी मूळ वस्तूला हात लावू नये, हा धडा अजिंठ्याने फार मोठी किंमत घेऊन शिकवला.

१९०९ ते १९११ या काळात लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी पुन्हा प्रती केल्या. त्यांच्याबरोबर बंगालमधून नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्ता आणि हैदराबादहून सय्यद अहमद, महंमद फजलुद्दीन असे तरुण चित्रकार आले होते. त्या मुक्कामात पाहिलेल्या रेषेचा प्रभाव नंदलाल बोस यांच्या चित्रांत पुढे आयुष्यभर दिसतो. प्रत काढणारा मूळ चित्रापासून किती शिकतो याचे हे उत्तम उदाहरण आहे. पण प्रतीला चित्रकाराचा हातही चिकटतो. एकच आकृती गिलने, मुंबईच्या विद्यार्थ्यांनी आणि हेरिंगहॅम यांच्या चमूने काढली, तर डोळ्यांची पापणी तिघांकडे तीन प्रकारे वळते. त्यांत अप्रामाणिकपणा कोणाचाच नाही. माणूस जे पाहतो त्यातले त्याला जे महत्त्वाचे वाटते तेच त्याच्या हातून उतरते.

पाठगत प्रश्न
(अ) इटलीतील ओल्या चुन्यावरील चित्रे आणि अजिंठ्याची चित्रे यांच्या तंत्रात कोणता फरक आहे?
(आ) गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या प्रतींचे जे झाले, त्यात समान गोष्ट कोणती?

कॅमेरा लेण्यात येतो

अजिंठा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी अजिंठ्याच्या चित्रांचा ग्रंथ चार भागांत सिद्ध केला. त्याचा पहिला भाग १९३० साली व अखेरचा १९५५ साली निघाला. चित्रकाराच्या हाताऐवजी छायाचित्रावर आधारलेला तो पहिला मोठा संग्रह होता, आणि आजही अभ्यासक तो उघडतात. १९९१ पासून बिनॉय बहल यांनी लेण्यांतील अगदी मंद प्रकाशातच, कॅमेऱ्याचे झाकण बराच वेळ उघडे ठेवून छायाचित्रे घेतली. बाहेरून दिवा न लावता रंग किती खोल दिसतात, हे त्यांमुळे कळले. ही छायाचित्रे फिल्मवर घेतलेली होती. फिल्मचा स्वतःचा रंग असतो, वर्षे लोटली की तो फिका पडतो आणि प्रतीवरून प्रत काढली की दर वेळी काही ना काही गळते.

डिजिटल कॅमेऱ्याने ही गळती थांबली. या कॅमेऱ्यात फिल्म नसते. प्रकाश मोजणाऱ्या अतिसूक्ष्म घरांची एक पट्टी असते. प्रत्येक घर आपल्या वाट्याला आलेल्या प्रकाशाचे मोजमाप आकड्यांत करते. चित्र म्हणून आपण पडद्यावर जे पाहतो, ती खरे तर आकड्यांची भली मोठी यादी असते. आकडे उतरवून घेताना पुसट होत नाहीत, म्हणून शंभरावी प्रतही पहिलीसारखीच निघते.

हे आकडे किती बारीक असू शकतात, ते एका हिशेबावरून पाहा. कॅमेऱ्याच्या पट्टीवर एका बाजूला ६,००० आणि दुसऱ्या बाजूला ४,००० घरे आहेत, असे समजा. म्हणजे एकूण घरे २ कोटी ४० लाख. त्या कॅमेऱ्याने भिंतीचा ६० सेंटीमीटर रुंद व ४० सेंटीमीटर उंच एवढाच भाग टिपला, तर दर मिलिमीटरला दहा बिंदू मिळतात. पद्मपाणीच्या भुवईतील कुंचल्याचा एक फटकारा कोठे सुरू झाला व कोठे उचलला, हे त्यात दिसू शकते. मात्र सहा मीटर लांब आणि तीन मीटर उंच भिंत अशा तुकड्यांनी भरायची तर केवळ ७५ छायाचित्रे पुरत नाहीत. शेजारच्या दोन छायाचित्रांचा काही भाग समान असावा लागतो, तरच संगणक त्यांची बिनचूक सांधणी करतो. प्रत्येक बाजूला एक तृतीयांश भाग समान ठेवला तर हीच संख्या सुमारे १७० वर जाते. लेण्यातील खांब, कोनाडे, वाकडेतिकडे छत यांमुळे प्रत्यक्षात काम याहून किचकट होते.

छायाचित्र घेण्याआधी भिंतीशेजारी रंगांची एक प्रमाणपट्टी धरतात. तिच्यावरील प्रत्येक चौकोनाचा रंग नेमका ठाऊक असतो. छायाचित्रात ती पट्टी जरा तांबूस आली, तर भिंतही तेवढीच तांबूस आली असणार, हे कळते आणि चूक दुरुस्त करता येते. ही साधीशी पट्टी नसेल तर पुढचे सारे महागडे तंत्र वाया जाते, असे म्हटले तरी चालेल. दोन्ही बाजूंनी सारख्या कोनातून, अतिनील किरण नसलेला सौम्य प्रकाश पाडतात आणि तोही टिपण्यापुरताच. नंतर एखादे छायाचित्र मुद्दाम एकाच बाजूने, भिंतीला घासून जाणाऱ्या प्रकाशात घेतात. खेड्यात सूर्य मावळतीला आला की शेतातील ढेकळांच्या सावल्या लांब पडतात आणि सपाट वाटणाऱ्या जमिनीचे उंचसखल रूप दिसते, तसेच येथे होते. गिलाव्याचा कोणता पापुद्रा उचलला गेला आहे, हे त्या सावल्यांवरून कळते.

डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही कामाला येतो. अवरक्त किरण पिवळ्या पडलेल्या व्हार्निशच्या थरातून बऱ्याच प्रमाणात आरपार जातात, आणि काजळाच्या रंगाची रेषा मात्र ते शोषून घेते. त्यामुळे डोळ्यांना केवळ तपकिरी डाग दिसतो, तेथे प्रतिमेत काळ्या रेषा उमटू शकतात. एकाच भागाची अनेक बाजूंनी छायाचित्रे घेऊन संगणकाच्या साहाय्याने त्याची लांबी, रुंदी आणि खोली अशी तिन्ही मापेही काढता येतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि टोकियो येथील सांस्कृतिक वारसा संशोधन संस्था यांनी मिळून लेणे क्रमांक २ मधील चित्रांची डिजिटल नोंद केली आहे.

नोंद आणि पुनर्रचना

येथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. भिंतीवरील स्त्रीच्या चेहऱ्याचा अर्धा भाग गळून पडला आहे. उरलेल्या अर्ध्यावरून संगणकाच्या पडद्यावर तो पुरा करावा काय? नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी अजिंठ्याचे दीर्घकाळ छायाचित्रण करून चित्रांच्या अशा पुनर्रचनेचे काम केले आहे. पडद्यावर केलेल्या कामाने भिंतीला इजा होत नाही, व्हार्निशसारखा पस्तावा करण्याची वेळ येत नाही, हा त्याचा मोठा गुण. सामान्य माणसाला पापुद्रे गळालेल्या भिंतीवरून कथा कळत नाही; पूर्ण केलेले चित्र पाहिले की ती कळते. मग हळूहळू भिंतीवरील खुणाही ओळखू येतात.

तथापि, पुनर्रचना हे शेवटी अनुमान असते. ते अभ्यासाने केलेले असेल, शेजारच्या दहा आकृत्या पाहून केलेले असेल, तरी पाचव्या शतकातील चित्रकाराने तेथे नेमके काय काढले होते याची साक्ष ते देऊ शकत नाही. हाताने काढलेल्या जुन्या प्रतीत चित्रकाराचा हात ओळखू तरी येई. संगणकावरची भर इतकी सफाईदार असते की मूळ कोठे संपले आणि अनुमान कोठे सुरू झाले हे तज्ज्ञालाही सहज सांगता येत नाही. आणि अशी झळझळीत प्रतिमा मोबाइलवरून मोबाइलवर जितक्या वेगाने फिरते, तितक्या वेगाने खरी, डागाळलेली प्रतिमा फिरत नाही. तीच डोळ्यांत ठसलेला प्रवासी लेण्यात आला म्हणजे त्याला खरे चित्रच फिके वाटू लागते.

यासाठी जबाबदार संस्था दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात. जसे आहे तसे टिपलेले छायाचित्र ही नोंद; तिच्यात काहीही भरायचे नाही, काहीही पुसायचे नाही. पुनर्रचना स्वतंत्र ठेवायची आणि ती पुनर्रचना आहे असे तिच्यावर लिहायचे. नोंदीबरोबर छायाचित्र कोणत्या लेण्यातील, कोणत्या भिंतीवरचे, कोणत्या दिवशी, कोणत्या प्रकाशात घेतले, हेही लिहून ठेवायचे. ही माहिती नसलेले छायाचित्र म्हणजे नाव-गाव नसलेले पत्र. सुंदर असेल, पण ते कोणाला पोहोचवायचे हे कळत नाही.

जुन्या दोन्ही आगींचा धडा येथेही लागू पडतो. गिलच्या आणि मुंबईच्या विद्यार्थ्यांच्या प्रती जळाल्या, कारण प्रत्येक कॅनव्हास जगात एकच होता. डिजिटल प्रतिमा एकाच वेळी तीन गावांत ठेवता येते. परंतु तिला आगीची गरजही नसते. साठवणुकीची तबकडी काही वर्षांत आपोआप बंद पडते. ज्या पद्धतीने चित्र साठवले ती पद्धत वाचणारी यंत्रे बाजारातून जातात. दर काही वर्षांनी सगळा साठा नव्या साधनांवर उतरवून, आकडे जुळतात का हे पडताळावे लागते. लेण्याच्या रखवालदाराइतकाच या साठ्याचाही रखवालदार आवश्यक असतो, आणि त्याच्या पगाराची तरतूद करायला मात्र प्रकल्पाच्या उद्घाटनाच्या दिवशी कोणाला आठवत नाही.

पाहणारे कोण?

फ्रान्समधील लास्को येथील आदिमानवाच्या चित्रांची गुहा १९४० साली सापडली आणि प्रवाशांच्या श्वासाने भिंतींवर शेवाळ वाढू लागल्यामुळे १९६३ मध्ये लोकांसाठी बंद झाली. तेथे आता लोक प्रतिकृती पाहतात. २०१६ च्या अखेरीस उघडलेली सर्वांत अलीकडची प्रतिकृती गुहेच्या डिजिटल मापांवरून बनवलेली आहे. चीनमधील डुनहुआंगची गोष्ट अजिंठ्याला अधिक जवळची आहे. तीही बौद्ध लेणी, तेथेही मातीच्या गिलाव्यावर चित्रे आणि तेथेही जातककथा. तेथील संस्थेने अनेक वर्षे खपून भिंतींची डिजिटल छायाचित्रे घेतली व २०१६ साली तीस लेण्यांची चित्रे इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुली केली. प्रत्यक्ष येणाऱ्या प्रवाशांना आधी मोठ्या पडद्यावर लेणी दाखवतात, मग मोजक्याच लेण्यांत थोडा वेळ नेतात. काय पाहायचे हे ठाऊक असलेल्या माणसाला कमी वेळ पुरतो; लेण्यातील हवाही कमी बिघडते.

प्रतिमा ज्यांच्यासाठी खुल्या करायच्या, त्यांत लेण्यापर्यंत कधीच न पोहोचणारे लोक पुष्कळ आहेत. अजिंठ्याच्या पायऱ्या वयस्कर माणसाला चढवत नाहीत. डोली मिळते, पण ती प्रत्येकाला परवडत नाही. छतावरील चित्रे पाहताना निरोगी माणसाचीही मान दुखून येते; पडद्यावर तेच छत डोळ्यांसमोर उभे राहते. दृष्टिहीनांचा विचारही यात येतो. तिन्ही मापे घेतलेल्या नोंदीवरून हाताने चाचपता येईल असा उठावाचा नमुना करता येतो. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात निवडक वस्तूंच्या स्पर्श करून पाहण्याच्या प्रतिकृतींचे ‘अनुभव’ नावाचे दालन २०१५ साली सुरू झाले. चित्राला मुळात उठाव नसतो, म्हणून नमुना करणाऱ्याला कोणती रेषा उंच करायची ते ठरवावे लागते, आणि सोबत शब्दांत वर्णन द्यावे लागते.

त्या वर्णनाच्या भाषेचाही प्रश्न आहे. प्रतिमा खुली असली तरी तिच्याखालील नोंद केवळ इंग्रजीत असेल, तर ‘षड्दंत’ किंवा ‘विश्वंतर’ असे मराठीत लिहून शोधणाऱ्याच्या हाती ती लागत नाही. दार उघडे, पण पाटी वाचता येत नाही, अशी त्याची गत होते. प्रतिमांचे वर्णन भारतीय भाषांत लिहिण्याचे काम कॅमेऱ्याच्या कामाइतकेच मोठे आहे, आणि त्यासाठी यंत्रांपेक्षा भाषा जाणणारी माणसे लागतात.

मुंबईच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या ज्या प्रती आगीतून वाचल्या, त्या १९५५ नंतर लंडनमध्ये कायमस्वरूपी मांडलेल्या नव्हत्या. सहा मीटरपर्यंत लांबीचे ते कॅनव्हास गुंडाळ्या करून ठेवलेले होते. २००६ पासून त्यांतील कित्येकांची दुरुस्ती झाली, आणि संग्रहालयाने आपल्या संकेतस्थळावर त्यांच्या प्रतिमा ठेवल्या आहेत. मुंबईतल्या विद्यार्थ्याला आपल्याच शहरातील पूर्वजांनी जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी केलेले काम आता मोबाइलच्या पडद्यावर पाहता येते. त्या प्रतींना आज आणखी एक उपयोग प्राप्त झाला आहे. १८७० च्या दशकातील प्रतीची प्रतिमा आणि आजच्या भिंतीची प्रतिमा संगणकावर एकाच मापाची करून एकमेकींवर ठेवली, म्हणजे त्या वेळी असलेला आणि आता नसलेला हात, दागिना, कमळाची पाकळी नेमकी दाखवता येते. त्याच रीतीने पाच किंवा दहा वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन डिजिटल नोंदी ताडून पाहिल्या, तर अजून भिंतीवरच असलेला, पण सुटू पाहणारा पापुद्रा लक्षात येतो. आणि तो पडण्यापूर्वी जतन करणाऱ्या कारागिराला तेथे पाठवता येते.

स्वाध्याय

१. ‘पाहण्याच्या सोयीसाठी मूळ वस्तूला हात लावू नये’ या विधानाला पाठातील कोणत्या घटना आधार देतात?

२. रंगांची प्रमाणपट्टी आणि एका बाजूने पाडलेला प्रकाश यांचा उपयोग प्रत्येकी चार-पाच वाक्यांत लिहा.

३. एका गावातील मंदिराच्या भिंतीवरील जुने चित्र अर्धे पुसले आहे. त्याच्यावर नवा रंग द्यावा, असे काही ग्रामस्थांचे मत आहे. छायाचित्र घेऊन चित्र तसेच ठेवावे, असे इतरांचे. दोन ग्रामस्थांमधील संवाद लिहा.

४. तुमच्या घरातील किंवा परिसरातील एखाद्या जुन्या वस्तूचे छायाचित्र घ्या अथवा रेखाटन करा. ती वस्तू कधीही न पाहिलेल्या माणसाला ती ओळखता येईल, अशी तिची नोंद सुमारे शंभर शब्दांत लिहा. वस्तूचे माप, ती कशाची बनली आहे, कोठे ठेवली आहे आणि छायाचित्राची तारीख यांचा उल्लेख करा. जे प्रत्यक्ष दिसते आणि जे तुमचे अनुमान आहे, ते वेगवेगळे लिहा.